मुश्तरकाकांचा चहा

दिवाळीच्या आधी घरोघर जाळीजळमटे काढण्याचा जो उद्योग चालतो, त्यात दरवर्षी एक तरी वस्तू अशी सापडते की तिच्यापायी पुढचे सारे काम अडून बसते. आमच्या घरी ही कामगिरी माळ्यावरची पत्र्याची पेटी बजावते. पेटी खाली उतरली की मी झाडू टाकून तिच्यापुढे मांडी घालतो, आणि मग स्वयंपाकघरातून जे शब्द ऐकू येतात त्यांची व्युत्पत्ती कोणत्याही कोशात सापडणार नाही!

पेटीत आहे तरी काय? हाली शिक्क्याची चार नाणी, एक मोडके पितळी कुलूप आणि जमिनीच्या कागदांचे एक गाठोडे. या गाठोड्यात एक जुना उर्दू कागद आहे. त्याच्याबरोबर त्याची पुढे कधीतरी कुणा लेखनिकाने उतरवून दिलेली देवनागरी प्रतही आहे. मूळ कागद वाचणारे आमच्या घरात कुणी उरले नाही. प्रत मात्र लहानपणापासून आम्ही सर्वांनी वाचली आहे, कारण तिच्यात एक मोठी मौजेची ओळ आहे. तीत लिहिले आहे, 'चाह मुश्तरका'. त्यातही 'मुश्तर' ओळीच्या शेवटी आणि 'का' पुढच्या ओळीवर. आम्ही पोरांनी त्याचा सरळ अर्थ लावला होता. मुश्तर नावाचे कोणी काका होते आणि पणजोबांनी त्यांना चहा पाजण्याचे कबूल केले होते. पुढे मी मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्याही लिहिल्या. पण मुश्तरकाका काही डोक्यातून गेले नाहीत. घरी पाहुणे आले आणि चहाला उशीर झाला की आजही कोणीतरी म्हणते, "मुश्तरकाका ताटकळले!"

या काकांचा शोध मी यंदा घेतला. त्याची हकिगत शेवटी सांगतो. आधी हा कागद उर्दूत का होता आणि त्याची प्रत अशी अर्धीमुर्धी का झाली, ते सांगायला हवे. कारण ती एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. परभणी जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, अशी पेटी बहुतेक जुन्या घरांतून निघेल.

कागदावर साल आहे १३४१ फसली. निजामाच्या राज्यात कागदोपत्री फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा कागद असेल तर हा हिशेब लक्षात ठेवावा. म्हणजे आमचा कागद १९३१-३२ सालचा झाला. त्या काळी कचेरीची भाषा उर्दू होती. पण तीही काही अनादिकाळापासून नव्हे. १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगांनी राज्यात जिलाबंदी केली, जिल्हे आखले, त्यांवर अधिकारी नेमले. तेव्हा कचेरीत फार्शी चालत असे. १८८४ च्या सुमारास फार्शी जाऊन तिच्या जागी उर्दू आली. म्हणजे ज्या कारकुनांनी जन्मभर फार्शी घोटली, त्यांनाही एके दिवशी कळले असेल की आपली शुद्ध भाषा आता जुनी झाली.

गावात मात्र पटवाऱ्याचे दप्तर बहुधा मोडीत असे. तेव्हा शेतकऱ्याची अवस्था काय होई पाहा. तो बोले मराठी, त्याचे शेत मोडीत नोंदले जाई आणि त्या शेताचा तंटा उर्दूत निकालात निघे. जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखालचा तो दुय्यम तालुकदार. पोलिसांचा फौजदार म्हणजे अमीन. शाळेचीही तीच तऱ्हा होती. प्राथमिक शाळा ती तहतानिया, तिच्या वरची वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फोकानिया. मास्तर तो मुदर्रिस आणि हेडमास्तर सदर मुदर्रिस. आज मी मुलांकडून 'सर' म्हणवून घेतो. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी मास्तर असतो तर 'मुदर्रिस साहेब' झालो असतो. पगार मात्र तेव्हाही महिनाअखेरीच्या आधीच संपला असता.

याचा अर्थ उर्दू वाईट, असा कुणी घेऊ नये. उर्दू ही मोठ्या गोडीची भाषा. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर आजही हसत हसत सांगतो, ती कुठल्या भाषेतली? तक्रार भाषेविषयी नव्हती, सक्तीविषयी होती. ज्याचे शेत, ज्याची फिर्याद, ज्याची शिक्षा, त्यालाच कागदात काय लिहिले ते कळत नव्हते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. त्या चळवळीला पुढे जे बळ आले, त्यात या घुसमटीचा वाटा लहान नव्हता.

कचेरीची भाषा आणि घरची भाषा यांचे हे भांडण आपल्याकडे फार जुने आहे. पैठणच्या एकनाथांनी देवाला अर्जदस्त लिहिली. अर्जदस्त म्हणजे सरकारदरबारी करावयाचा लेखी अर्ज. सोळाव्या शतकातल्या श्रोत्यांना त्या कागदाचा थाट इतका परिचयाचा होता की नाथांना तो भारुडात खुशाल वापरता आला. पुढे राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे राज्यव्यवहारकोशाचे काम सोपवले. दहा वर्गांच्या त्या कोशात कारभारातल्या फार्शी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्यास पंतप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत अशी नावे झाली.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रे घेऊन त्यांतले शब्दच मोजले होते. त्यांच्या मोजणीत १६२८ च्या पत्रात शेकडा पंच्याऐंशीच्या आसपास शब्द फार्शी निघाले. १७२८ च्या पत्रात ते सहा-सातांवर आले. हा केवढा फरक! पण गंमत अशी की त्याच अठराव्या शतकात पुण्याचा पंतप्रधान लोकांच्या तोंडी 'पेशवा'च राहिला. कोशाने त्याला पंतप्रधान केले, लोकांनी पेशवाच ठेवले, आणि आज आपण दोन्ही शब्द आपापल्या जागी वापरतो. शब्द घडवणे हे पंडितांचे काम. पण तो ठेवायचा की टाकायचा हे लोक ठरवतात, आणि त्यासाठी ते कुणाची परवानगी विचारीत नाहीत.

निजामी राज्यातही नव्या शब्दांची अशी टांकसाळ होती, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तेथे उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरले होते. त्यासाठी १९१७ मध्येच 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतराचे खाते निघाले. पदार्थविज्ञानापासून कायद्यापर्यंतच्या ग्रंथांसाठी तेथे अरबी-फार्शी धातूंवरून नवे शब्द पाडले गेले. या खात्याची धुरा आरंभी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. त्यांचा औरंगाबादशी जवळचा संबंध. मराठीवरील फार्शीच्या परिणामाविषयी त्यांनी उर्दूत एक पुस्तकही लिहिले आहे. इकडे माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचला, आणि त्याच फार्शीच्या प्राध्यापकाने १९३८ साली भाषाशुद्धीचा कैवार घेणारे पुस्तक लिहिले. सावरकरांच्या चळवळीतून आलेले 'महापौर', 'दिग्दर्शक', 'हुतात्मा' हे शब्द तर आज कुणाला घडवलेलेही वाटत नाहीत. एका बाजूस अरबीच्या भट्टीत, दुसऱ्या बाजूस संस्कृतच्या भट्टीत शब्द तयार होत होते. आणि दोन्ही भट्ट्यांच्या मधोमध परभणीचा शेतकरी अर्ज हाती धरून उभा होता.

या मधल्या जागेत बसून लिहिणारा आमचा एक थोर लेखक म्हणजे बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १९१३ चा, सेलूजवळच्या सातोन्याचा. १९३२ साली मॅट्रिक झाले आणि परभणीस बांधकाम खात्यात नोकरीला लागले. ज्या सरकारचे दप्तर उर्दूत, त्याची चाकरी दिवसा करायची आणि घरी येऊन 'आलाप आणि विलाप'मधल्या कविता, 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी मराठीत लिहायची, असा त्यांचा जन्म गेला. १९५३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते वारले. मला त्यांच्याविषयी नेहमी एक वाटते. कचेरीत बसणाऱ्या माणसाला लोकांची भाषा येत नाही, असे नसते. ती त्याला चांगली येत असते. कचेरीत शिरताना जोड्यांबरोबर ती बाहेर काढून ठेवण्याचा रिवाज असतो, एवढेच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी आणि खालच्या कचेऱ्यांत मराठी शिरू लागली. ज्यांचा हात उर्दूवर बसला होता, त्यांना देवनागरी गिरवावी लागली. आमच्या कागदाची प्रत याच धांदलीतली असावी. लेखनिकाने उर्दू अक्षरे देवनागरीत उतरवली. शब्द मात्र तसेच राहू दिले. लिपी बदलली, भाषा नाही. आणि मला वाटते, पुढच्या पाऊणशे वर्षांत आपल्या सरकारी मराठीचे जे झाले, त्याची गुरुकिल्ली याच एका वाक्यात आहे.

१९५६ च्या नोव्हेंबरात आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याच वर्षी सरकारने भाषा संचालनालय काढले, लगोलग पदनाम कोश झाला, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला हक्काचे सिंहासन दिले. कलेक्टरचे जिल्हाधिकारी झाले, इंजिनिअरचे अभियंता, क्लार्कचे लिपिक, सुपरिंटेंडेंटचे अधीक्षक. वर्तमानपत्रांतून या कोशाची भरपूर थट्टा झाली. आज ती आठवून थोडे ओशाळल्यासारखे होते, कारण 'जिल्हाधिकारी' हा शब्द आता शाळेतले पोरही सहज बोलते. बरे, या शब्दाची कुळी पाहा! 'जिल्हा' अरबी, 'अधिकारी' संस्कृत. आणि दोघांचा संधी असा बेमालूम झाला आहे की व्याकरणाच्या तासाला तो फोडताना मलाच चोरट्यासारखे वाटते. 'कुळकायदा' हा तसाच आणखी एक संसार. अलीकडे तलाठ्यास 'ग्राम महसूल अधिकारी' असे नवे नाव मिळाले. त्यातही दोन संस्कृत शब्दांमध्ये एक अरबी शब्द घरच्यासारखा बसला आहे.

या देवघेवीत आमच्या बाजूनेही काही दिले गेले, हे अभिमानाने सांगतो. मुंबई इलाख्यात तालुक्याचा अधिकारी मामलेदार होता, आमच्याकडे तहसीलदार. आमच्या गावचा कारभारी पटवारी होता, त्यांचा तलाठी. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दोघांची वाटणी झाली. तहसीलदार आमचा राहिला, तलाठी त्यांचा आला. पुण्याकडचे मामलेदार तहसीलदार झाले, तेव्हा तिकडे कुणाला परभणीची आठवण झाली की नाही कोण जाणे!

शाळेतल्या शुद्धतेचेही असेच आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले. तोवर 'नांव', 'गांव', 'केलें', 'तेथें' हे अनुस्वार गाळणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसे. नियम आले आणि ते अनुस्वार घालणाऱ्याचे गुण कापले जाऊ लागले. 'कवि' लिहिणारा बरोबर होता तो चुकला, 'कवी' लिहिणारा चुकत होता तो बरोबर ठरला. १९७२ मध्ये नियमांत भर पडली. २००९ मध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरे कशी काढावीत याचा शासन निर्णय निघाला. म्हणून मी मुलांना सांगतो, "नियम पाळा, कारण सर्वांनी सारखे लिहिले तर वाचणे सोपे होते. पण आजोबांच्या वहीत अनुस्वार दिसले तर त्यांना अडाणी म्हणू नका. ते त्यांच्या काळी पहिल्या नंबरात पास झालेले असतील."

आता खरी अडचण सांगतो. मास्तर म्हणून माझ्याकडे गावातले लोक सरकारी कागद वाचायला आणतात. मध्यंतरी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पत्र आणले. त्यात साधारण असे होते: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, संदर्भाधीन प्रकरणी अनुज्ञेय अनुदानाच्या वितरणाबाबतची कार्यवाही प्रस्तावित आहे.' मी ते ठासून वाचून दाखवले. म्हातारा शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "ते समदं खरं गुरुजी, पण पैसे आले का नाही आले?"

त्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. शब्द सारे मराठी कोशातले होते. लिपी तर आपलीच. आणि तरीही त्या म्हाताऱ्याला तो कागद तितकाच परका होता, जितका त्याच्या आजोबाला उर्दूतला हुकूमनामा. मग आपण एवढे मिळवले काय?

असा प्रसंग केवळ आपल्यावरच आला असे नाही. इंग्लंडात नॉर्मन राजांच्या मागून फ्रेंच भाषा न्यायालयात शिरली. लोकांना काही कळेना, म्हणून १३६२ साली तेथे कायदा झाला की न्यायालयात बोलणे इंग्रजीतून व्हावे. हा कायदा लिहिला होता कुठल्या भाषेत? फ्रेंचमध्ये! न्यायालयांचे लेखी दप्तर इंग्रजीत यायला पुढे १७३३ साल उजाडावे लागले. कचेरीतली जुनी भाषा अशी सहजासहजी खुर्ची सोडीत नाही. आणि सोडली तरी आपली ऐट नव्या भाषेला देऊन जाते.

कागदाची भाषा ही हौसेची गोष्ट नव्हे. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मागणी आली. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला शिरायचे नाही. पण शंभर वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने ओढलेल्या एका शब्दावर आज एखाद्या मुलाचा शाळा-कॉलेजातला प्रवेश टांगलेला असू शकतो, हे सर्वांनी पाहिले. आमच्याही गावात पेट्या उघडल्या गेल्या. त्याच वेळी माझ्या मनात आले की मुश्तरकाका कोण, हे एकदा विचारून तर घ्यावे. विचारायला मात्र यंदाची दिवाळी यावी लागली.

शहरात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध शिक्षक आहेत. मूळ कागद आणि प्रत दोन्ही घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला आणि प्रथम म्हणाले, "मास्तर, हा तक्सीमनामा आहे. वाटणीपत्र." मग एकेक ओळ वाचीत ते त्या जागेशी आले. मी विचारले, "साहेब, हे मुश्तरकाका कोण?" ते आधी गोंधळले आणि मग इतके हसले की आतून त्यांची सून पाणी घेऊन आली.

"अहो, काका कसले? मुश्तरका म्हणजे सामाईक. आणि चाह म्हणजे चहा नाही, विहीर! तुमच्या पणजोबांनी लिहून ठेवले आहे की विहीर दोन्ही भावांत सामाईक राहील."

ते हसत होते. मला मात्र हसू येईना. कारण त्या विहिरीचा तंटा आमच्या घरात वीस-बावीस वर्षे चालला होता. विहीर आमच्या बांधाच्या आत आहे. त्यामुळे ती आमची, असे आमच्या घराने धरले. चुलत घराने पाणी मागितले, आम्ही कागद मागितला. त्यांच्यापाशी कागद नव्हता. तो आमच्याच पेटीत होता, आणि आम्ही दर दिवाळीला तो वाचून हसत होतो! त्या पायी दोन्ही घरांतले फराळाचे ताट बंद झाले, लग्नकार्याचे बोलावणे बंद झाले. पणजोबांचा शब्द चुकीचा नव्हता. 'मुश्तरका' हा कायद्याचा नेमका शब्द आहे. प्रत करणाऱ्याचा हातही चुकला नव्हता. त्याने अक्षर न् अक्षर बरोबर उतरवले होते. राहिले होते एकच काम. ज्यांची विहीर, त्यांना समजेल असे ते कुणी लिहिले नव्हते.

घरी येऊन मी मुलांच्या वहीतला एक कागद फाडला आणि त्यावर ती ओळ लिहिली: 'विहीर दोन्ही भावांची आहे. दोघांनी तिचे पाणी घ्यावे.' त्यात 'सामाईक'सुद्धा घातले नाही. मग मूळ कागद, जुनी प्रत आणि माझी चिठ्ठी घेऊन चुलत घरी गेलो. थोरले दादा ओसरीवर बसले होते. त्यांनी 'ये' म्हटले नाही, 'जा'ही म्हटले नाही. मी तिन्ही कागद पुढे ठेवले आणि म्हणालो, "दादा, चूक आमची होती. हे वाचा."

दादांनी पहिले दोन कागद बाजूला सारले आणि चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग मी त्यांना मुश्तरकाकांची सारी कथा सांगितली. ती ऐकून दादा आत वळून वहिनींना म्हणाले, "अहो, ऐकलं का? मुश्तरकाका आलेत. चहा टाका."